कॅमेऱ्याखालचे हात

सकाळी दवाखान्याचे दार उघडण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी लागत, कडक चहा आणि स्वतःची स्तुती. चहा बायको करून देई आणि स्तुतीचे काम आईकडे होते. त्या दिवशीही आईंनी कप पुढे सरकवला आणि काल फोरमनची बायको भेटली होती ती काय म्हणाली, ते सांगायला सुरुवात केली. ड्रिलवाल्याचा पाय डॉक्टरांनी वाचवला, एवढे बारीक टाके तिने उभ्या जन्मात पाहिले नव्हते, डॉक्टरांच्या हातात जादू आहे. आई हे सांगत असताना ज्या बाईने ते टाके घातले होते, ती मोरीपाशी उभी राहून रात्रीची भांडी घासत होती.

डॉक्टरांनी चहा अर्धा टाकला आणि ते उठले. स्तुती ऐकून त्यांचा चेहरा फुलायला हवा होता, तो पडला. हे अलीकडे रोजच होत होते. आईंना वाटे, पोराला नम्रपणा फार.

ही वस्ती एका खाणीची होती. डोंगरात इतक्या उंचावर की वर्षातले पाच महिने घाट बर्फाखाली जाई, आणि हेलिकॉप्टर यायचे ते वाऱ्याच्या मर्जीने. दवाखाना दोन खोल्यांचा. आतल्या खोलीत ऑपरेशनचे टेबल आणि टेबलाच्या बरोबर वर, छताला, एक कॅमेरा. कुणाचे पोट उघडण्याची वेळ आली की खालच्या मोठ्या इस्पितळाशी लाइन जोडली जाई. तिकडे पडद्यासमोर एक मुरलेल्या सर्जन बसत, त्यांना सगळे मॅडमच म्हणत. कुठे कापायचे, कुठे थांबायचे, कशाला हात लावायचा नाही, हे त्या तिथून सांगत आणि इथल्या डॉक्टरांनी ते करायचे, अशी व्यवस्था होती. लाइन बारीक असल्यामुळे एवढेच चित्र खाली पोचे: टेबल आणि मनगटापर्यंतचे हात. चेहरा कुणाचा दिसत नसे.

खरी गोम इथेच होती. मॅडमना उत्तरे देणारा आवाज डॉक्टरांचा होता, आणि हात त्यांच्या बायकोचे होते.

बायको म्हणजे काही अंगठाबहाद्दर नव्हे, तीही डॉक्टरच. दोघे एकाच वर्गात शिकले. पुढे सर्जरीच्या शिक्षणासाठी दोघांनी परीक्षा दिली, तिला जागा मिळाली, त्याला नाही. लग्न ठरले होते. सासूबाईंनी आपल्या परीने साधे सरळ सांगितले की बायको नवऱ्याच्या एक पायरी खाली असली तरच संसार टिकतो, आणि आमच्याकडे आजवर असेच चालत आले आहे. मुलीच्या आईवडिलांनाही त्यात वावगे वाटले नाही. हातचे स्थळ का कुणी घालवतो? मुलीने जागा सोडली. पत्रिका छापताना तिच्या नावाआधीचे 'डॉक्टर' गाळायचे, हेही मोठ्या समजूतदारपणे ठरले. अशा वेळी समजूतदारपणा दाखवायचा म्हणजे मुलीने काहीतरी सोडायचे, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

खाणीवर डॉक्टरची एकच जागा होती, ती त्याला मिळाली. ती झाली डॉक्टरीणबाई. दवाखान्यात ती अवजारे उकळून ठेवी, पट्ट्या कापी, आणि कुणी विचारले तर डॉक्टर सांगत, घरचीच मदत आहे.

खोटे सुरू झाले ते कुणी ठरवून नव्हे. कॅमेरा बसल्यानंतरच्या पहिल्याच ऑपरेशनला वरून कुणी आपल्याकडे बघते आहे या जाणिवेने डॉक्टरांचे हात थरथरू लागले. रक्त वाहत होते. लाइन क्षणभर अडखळली, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या बायकोने त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि काम पुरे केले. शेवटी स्पीकरमधून मॅडमचा आवाज आला, ‘डॉक्टर, सुरुवातीला घाबरलात, पण नंतर काय हात चालला हो तुमचा.’ डॉक्टरांनी बायकोकडे पाहिले. बायकोने खाली पाहिले. डॉक्टर म्हणाले, ‘थँक यू, मॅडम.’ एवढेच. पुढची दोन वर्षे त्या एका थँक यूवर निघाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकणाऱ्याला ती मूठ किती जड होते ते त्यालाच ठाऊक. शेजाऱ्याची पार्सले रोज आपल्या पत्त्यावर यावीत आणि ती आपण सही करून घेत राहावे, तशी डॉक्टरांची गत झाली होती. मॅडम म्हणायच्या, ‘तुमचे हात लहान आहेत, सर्जनला बरं असतं.’ त्यानंतर डॉक्टर बाहेर कुणाला भेटले की आपले भलेमोठे पंजे कोटाच्या खिशात घालून उभे राहत. बायको भाजी चिरायला बसली तरी त्यांची नजर तिच्या बोटांवर जाई, आणि ती बोटे इतकी सहज का चालतात याचा त्यांना राग येई. दुपारी दवाखाना रिकामा असला की दार लावून ते खुर्चीच्या पाठीला दोरा बांधून गाठी मारण्याचा सराव करीत. एकदा ती अचानक आत आली. तिने काही पाहिलेच नाही असे दाखवले, आणि ते तिचे न पाहणे त्यांना चापटीसारखे लागले. वास्तविक हा माणूस काही टाकाऊ डॉक्टर नव्हता. पाठीच्या कण्यात भूल द्यावी ती त्यांनीच, रोग्याला कळतही नसे. पण आपल्याजवळ जे आहे ते मत्सरी माणसाला कधी दिसले आहे?

मेसच्या मावशींचे प्रकरण इथून सुरू होते. या मावशी म्हणजे खाणीवरच्या साऱ्या माणसांना दोन वेळा जेवू घालणारी बाई. साठी ओलांडलेली, काटकुळी, तोंडाने फटकळ. त्यांच्या उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ आली होती. पुरुषाला दाखवायची लाज, म्हणून त्यांनी ती डॉक्टरीणबाईंना स्वयंपाकघरात, दार लोटून दाखवली. हात लावताच तिला शंका आली की हा हर्निया असणार, आतड्याचे टोक बारीक फटीतून खाली उतरलेले. तिने जेवताना नवऱ्याला सांगितले. घाट अजून पंधरा दिवस उघडा आहे, मावशींना खाली पाठवू या, असेही म्हणाली.

डॉक्टरांनी घास खाली ठेवला. ‘पेशंट तपासायला तू कधीपासून लागलीस?’

‘त्यांनीच दाखवलं. तुम्ही एकदा बघा ना.’

त्यांनी पाहिले, पण बायको जे म्हणाली ते असता कामा नये, हे आधी ठरवून पाहिले. साधी गाठ आहे, सुजली आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. सासूबाईंनी सुनेला बाजूला घेऊन समजावले की घरात दोन डॉक्टर झाले की रोगी राहतो बाजूला आणि डॉक्टरच भांडत बसतात. सूनबाई गप्प बसली. गप्प बसणे हे तिला इतके चांगले जमत होते की तिच्या टाक्यांसारखीच त्याचीही कुणी तारीफ करायला हवी होती.

घाट बंद झाला. महिन्याभराने एका सकाळी मावशी मेसच्या ओट्यापाशी पोट धरून खाली बसल्या, त्या उठेनात. ओकारी थांबत नव्हती, गाठ कडक झाली होती, हात लावला की ओरडत होत्या. आतडे फटीत अडकले होते आणि त्याचा रक्तपुरवठा तुटत होता. वारा असा की हेलिकॉप्टरचे नाव काढायला नको. काही तासांत ऑपरेशन झाले नाही तर आतडे सडणार आणि मावशी जाणार, हे खोलीतल्या दोघांनाही कळत होते. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्यात डॉक्टरांना ‘मी सांगितलं होतं’ असे स्पष्ट ऐकू आले.

दुपारी लाइन जोडली गेली. डॉक्टरांनी कण्यात भूल दिली, मावशींचे कंबरेखालचे अंग बधिर झाले. छातीपाशी आडवा कापडी पडदा लावला. पडद्याअलीकडे मावशी टक्क जाग्या, छताकडे बघत पडल्या होत्या. पलीकडे, कॅमेऱ्याखाली, डॉक्टरीणबाईंचे दोन हात.

कातडी उघडली, गाठ मोकळी केली. आत आतड्याचे काळपट वेटोळे एका घट्ट पट्ट्याखाली आवळून बसले होते. पट्टा कापला तरच ते सुटणार होते.

‘सुंदर,’ मॅडम स्पीकरमधून म्हणाल्या. ‘डॉक्टर, मी कालच डीनना म्हणत होते, या हातांची फिल्म मुलांना दाखवायला हवी. मी तीस वर्षं शिकवतेय, असे हात मला दोनदाच भेटले. आता घाई नको. पट्ट्याच्या मागून बोट घाला. कधीकधी तिथून एक धमनी जाते. ती दिसत नाही, आणि मला तर इथून मुळीच दिसणार नाही. ती कापली गेली तर रक्त थांबवायला तुम्हाला जागा मिळायची नाही. बोटाला काय लागतंय ते मला सांगा. काही धडधडतंय का?’

हा प्रश्न साधा होता. पण विचारला होता एकाला आणि बोट होते दुसरीचे.

बोट आत गेले. क्षणभर थांबले. मास्कच्या आतून ती हळूच म्हणाली, ‘धडधडतंय.’

डॉक्टरांच्या कानात अजून ‘असे हात’ घुमत होते. फिल्म होणार होती. ती मुलांना दाखवणार, आणि मुले टाळ्या वाजवणार त्या या हातांसाठी, जे त्यांचे नव्हते. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तकात त्यांनीही वाचले होते, अशी धमनी क्वचित कुणाला असते. मग नेमकी हिच्याच बोटाला बरी लागली? स्वतःच्या बोटाची नाडी लागत असेल. आता प्रत्येक वाक्यसुद्धा हिने सांगायचे आणि आपण पोपटासारखे म्हणायचे?

‘नाही, मॅडम,’ ते मोठ्याने म्हणाले. ‘काही नाही.’

‘नक्की?’

‘नक्की.’

‘मग कापा.’

कात्री उचलली गेली. पट्ट्यापाशी गेली आणि तिथेच थांबली. मॅडमनी दोनदा विचारले, हात का थांबला? डॉक्टर दात आवळून बायकोला म्हणाले, ‘काप.’

तिला मोह झालाच नाही असे नाही. कापले असते आणि रक्त उसळले असते तर खोटा कोण ते आपोआप ठरले असते. हा विचार तिच्या मनात आला, कारण तीही माणूसच होती आणि दोन वर्षे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती. पण बोटाखाली जे उडत होते ते मावशींचे होते. तिने कात्री ट्रेमध्ये ठेवली. मान वर करून, जिथे चेहरा दिसत नाही हे ठाऊक असलेल्या त्या कॅमेऱ्याकडे बघत ती बोलली.

‘मॅडम, धडधडतंय. माझ्या बोटाला लागतंय. मी कापणार नाही.’

स्पीकरमधून प्रश्न आला.

‘कोण बोलतंय?’

‘हे हात माझे आहेत. आजचे, आणि आधीचेही.’

डॉक्टर भिंतीकडे वळले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्यांना वाटले. तिकडे मॅडमचा आवाज नेहमीपेक्षाही शांत झाला. ‘ते नंतर. आधी बाईला वाचवू. खालून कापायचं नाही. वरून उघड, धमनी डोळ्यांनी बघ, दोन्ही बाजूंनी बांध, मगच पट्टा काप. डॉक्टर, तुम्ही असाल तिथे तर टेबलापाशी या. मला बीपी सांगत राहा, आणि तिच्यासाठी जखम ताणून धरा.’

डॉक्टर आले. दुसरे काय करणार होते? त्यांनी आपल्या मोठ्या पंजांनी जखम ताणून धरली, आणि त्यांना स्वतःलाच ती धमनी दिसली, निळसर पट्ट्याच्या कडेने उडणारी, दोऱ्याएवढी. त्यांच्या ‘नाही’वर विसंबून कापले असते तर मावशी या टेबलावरून उठल्या नसत्या. धमनी बांधली गेली. पट्टा सुटला. काळपट आतड्यावर कोमट ओले कापड टाकून दोघे थांबले. घड्याळात दहा मिनिटे सरायला फार वेळ लागला. कापड उचलले तेव्हा आतडे गुलाबी झाले होते.

टाके झाल्यावर मॅडमनी तिला विचारले, तू कुठे शिकलीस? तिने कॉलेज आणि वर्ष सांगितले, आणि सोडलेल्या जागेचेही सांगितले. मॅडमना आठवायला वेळ लागला नाही, त्या प्रवेशपरीक्षेत तिचे टाके त्यांनीच तपासले होते, आणि त्यांना दोनदाच भेटलेल्या हातांपैकी पहिले हात तेच होते. ‘तू जागा सोडल्याचं पत्र माझ्याच टेबलावर आलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘मी तुला ‘का’ एवढंसुद्धा विचारलं नाही. यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावलं. लग्न ठरलंय म्हटल्यावर विचारायचं काय, असं मलाही वाटलं होतं.’ मग त्यांनी डॉक्टरांना सांगितले की दोन वर्षांतल्या प्रत्येक ऑपरेशनच्या कागदावर हात कुणाचे होते ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवायचे, आणि त्याचे पुढे काय व्हायचे ते इस्पितळ ठरवील.

घरी बातमी पोचायला वेळ लागला नाही. सासूबाईंनी डोक्याला पदर बांधला. नवऱ्याला तोंडघशी पाडलेस, म्हणाल्या, हेच बोलणे घरी येऊन बोलली असतीस तर काय बिघडले असते?

‘घरी येईपर्यंत मावशी राहिल्या नसत्या, आई.’

डॉक्टर कागदांचा गठ्ठा घेऊन बसले होते. मत्सर काही एका दुपारी जात नाही, तो त्यांच्याही पोटात होताच. मान वर न करता ते म्हणाले, ‘आता तुला बरं वाटत असेल.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘मावशी जिवंत आहेत, मला बरं वाटतंय. आणि आणखी एक सांगते. यापुढे मी टेबलापाशी उभी राहीन ती माझ्या नावाने आणि माझ्या तोंडाने. ते चालणार नसेल तर हात तुमचे घाला.’

त्यांनी पेन उचलले आणि पहिल्या कागदावर बायकोचे नाव लिहिले, ‘डॉक्टर’ हा शब्द आधी लिहून. पुढचे सगळे कागद लिहायला त्यांना दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती मावशींची पट्टी बदलत होती. मावशींच्या तोंडाला पुन्हा धार आली होती. मेसमध्ये आपल्यामागे काय गोंधळ घातला असेल, यावर त्यांचे बोलणे संपल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

‘बाई, एक सांगू का? रागावू नका. आम्हाला ठाऊक होतं.’

‘काय ठाऊक होतं?’

‘हात तुमचे आहेत ते. सगळ्यांनाच. कंबरेखाली बधिर केलं म्हणून माणसाचे कान बधिर होतात का? ड्रिलवाला जागा होता, शाळेतल्या बाई जाग्या होत्या. तुम्ही हळूच सांगायचात आणि डॉक्टर मोठ्यानं म्हणायचे. मेसमध्ये जेवताना लोक बोलायचे. पण म्हटलं, नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला मध्ये पडा.’

मांजर डोळे मिटून दूध पिते, पण इथे तर बघणाऱ्यांनीच डोळे मिटून घेतले होते. दोन वर्षे ती समजत होती की हे ओझे दोघांचेच आहे. अख्खी वस्ती रोज ते बघत होती, आणि तिला वाट देत बाजूने जात होती.

‘मावशी, परवाही तुम्ही जाग्या होतात. मी काय म्हणाले, ऐकलंत?’

‘ऐकलं. धडधडतंय म्हणालात.’

‘आणि ते नाही म्हणाले, तेही ऐकलंत?’

‘तेही ऐकलं.’

‘जीव तुमचा होता. मग तुम्ही का नाही बोललात?’

साऱ्या खाणीवरच्या पुरुषांना शिव्या घालून जेवू घालणारी ती बाई, पण तिला उत्तर जुळवावे लागले.

‘तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्ही दोन वर्षं गप्प. मला वाटलं, आताही गप्पच बसाल. मग मी कोण बोलणारी? आणि डॉक्टर नाही म्हणतायत, तर त्यांचा शब्द कसा खोडायचा? म्हटलं, आता जे होईल ते होईल.’

उघड्या जखमेने टेबलावर पडलेली बाई आपले मरण बोलले जाताना ऐकत होती, आणि पुरुषाचा शब्द खाली पडू नये म्हणून तोंड मिटून पडली होती. सासूबाईंना दोष देऊन, डॉक्टरांना नावे ठेवून आपण मोकळे होऊ, पण ही रीत एकट्या त्यांची नाही. ती वाचवणाऱ्या बाईच्या अंगात मुरली होती, तशीच मरायला टेकलेल्या बाईच्याही. ज्या घरांत टेबल नाही आणि कॅमेराही नाही, तिथे ती आज जेवणाच्या वेळीसुद्धा चालू असेल.

डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेवर बसली. ‘मी गप्प बसले ती माझी चूक,’ ती म्हणाली. ‘तुम्ही मला बघून गप्प बसलात, तीही माझीच. पण आता हे ध्यानात ठेवा, आणि मेसमध्ये सगळ्यांना सांगा. माझ्या टेबलावर जो झोपेल त्याने बोलायचं. काही कानावर आलं, शंका आली, दुखलं, तर मोठ्याने बोलायचं. मग समोर डॉक्टर असोत, मॅडम असोत, नाहीतर मी असेन.’

‘आणि तुम्हाला राग आला तर?’

‘आला तर येऊ दे. तरी बोलायचं.’

मावशींनी तिच्याकडे नीट बघून घेतले, ती खरेच म्हणते आहे ना याची खात्री करून घेतली.

‘मग आताच सांगते,’ त्या म्हणाल्या. ‘ही पट्टी तुम्ही फार आवळून बांधलीय.’

डॉक्टरीणबाईने पट्टी सोडली आणि पुन्हा बांधली.